पॅड बांधून बसलेला मुलगा

पत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ पतसंस्थेत नोकरी करतात. मुलगा नववीत, वय १५, शाळेच्या हॉकी संघाचा गोलकीपर. यंदा १७ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय शालेय हॉकी स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या संघात त्याची निवड झाली. हॉकीत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचलेला तो गावातला पहिलाच. चौकात फ्लेक्स लागला, शाळेत सत्कार झाला आणि वडिलांनी ३५ हजारांचं कर्ज काढून त्याला नवं किट घेऊन दिलं.

स्पर्धा परराज्यात होती. महाराष्ट्राचे चार सामने झाले. उपांत्यपूर्व फेरीत संघ १-४ असा हरला. १८ जणांपैकी १७ जण कधी ना कधी मैदानात उतरले. हा एकटा चारही सामने पॅड बांधून बाकावर होता. एक सामना तर महाराष्ट्राने ९-० असा जिंकला, त्यातही त्याला उतरवलं नाही.

परत येऊन तीन आठवडे झाले. मुलगा शाळेत जातो, जेवतो, झोपतो, पण मैदानावर गेलेला नाही. किटची बॅग तशीच बंद पडून होती. शेवटी वास यायला लागला म्हणून आईने पॅड गच्चीवर वाळत टाकले. केस कापायला गेला तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘काय रे, किती गोल अडवलेस?’ तो म्हणाला, ‘दोन.’ वडिलांना हे नंतर कळलं. त्यांच्याशी तो या विषयावर एकच वाक्य बोलला आहे: ‘तो फ्लेक्स काढायला सांगा.’

वडील विचारतात: क्रीडा खात्याकडे लेखी तक्रार करू का? त्याला गोलकीपरची जागा सोडून फॉरवर्डला खेळायला लावू का, म्हणजे काम लोकांना दिसेल? की पुढच्या वर्षी दहावी आहेच, तर हॉकी बंदच करू? पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली आहे: ‘संघातला पहिला गोलकीपर दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, त्याचा रोज संध्याकाळी फोन येतो, पण हा उचलत नाही.’

*

आधी त्या ९-० च्या सामन्याबद्दल बोलते, कारण तिथे तुमचा राग रास्त आहे. हल्ली हॉकीचा सामना चार सत्रांचा असतो. तीन सत्रं संपताना सामना खिशात असेल, तर शेवटचं सत्र दुसऱ्या गोलकीपरला द्यायला काहीही हरकत नव्हती. १५ वर्षांच्या मुलाला महाराष्ट्राच्या जर्सीत तेवढा वेळ गोलसमोर उभं राहायला मिळालं असतं, तर तो आज वेगळ्या चेहऱ्याने घरी आला असता. प्रशिक्षकांची ती चूक होती असं मला वाटतं, आणि ती चूक कशी होते हे मला चांगलं माहीत आहे.

मी वीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. एकदा विभागीय स्पर्धेत खो-खोच्या संघातल्या एका मुलीला मी सगळे सामने बसवून ठेवलं होतं. आम्ही डावाने जिंकत होतो, तरी तिला उतरवायचं मला सुचलं नाही. माझ्या मनात तिच्याबद्दल आकस नव्हता, खरं तर मनात तीच नव्हती, नुसता गुणफलक होता. परतीच्या एसटीत ती पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकून बसली होती. तिला झोप लागली असेल अशी मी माझी समजूत घातली. तिच्याशी तेव्हाच बोलायला हवं होतं.

हे सांगितलं कारण तुम्ही पत्रात ‘मुद्दाम डावललं’ असा शब्द वापरला आहे. तसं झालंच नसेल असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण दुसऱ्या गोलकीपरला खेळायला न मिळणं हे हॉकीत इतकं नेहमीचं आहे की त्यामागे डाव असायची गरज पडत नाही.

हॉकीत मैदानात ११ जण असतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. फॉरवर्ड आणि मिडफिल्डची मुलं तर पाच-सात मिनिटं जीव तोडून धावतात, बाहेर येऊन पाणी पितात आणि परत आत जातात. त्यामुळे बाकावरच्या प्रत्येकाला थोडा तरी वेळ मिळतोच. गोलकीपरचं तसं नाही. तो दमला म्हणून कुणी त्याला बदलत नाही. बचावाच्या मुलांना त्याच्या आवाजाची सवय झालेली असते, ‘लेफ्ट’, ‘सोड’, ‘माझा’ हे शब्द एकाच गळ्यातून यावे लागतात. म्हणून १८ पैकी १७ जण खेळले आणि तुमचा मुलगा राहिला, हा आकडा तुम्हाला जितका भयंकर वाटतो तितका हॉकीच्या माणसाला वाटणार नाही. दोन गोलकीपर घेऊन गेलेल्या बहुतेक संघांचा हिशोब थोड्याफार फरकाने असाच निघतो.

नियमांतली एक गोष्ट मुद्दाम सांगते, मुलालाही सांगा. त्याला ती माहीत असेल, पण तुमच्या तोंडून ऐकू दे. पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी) दिल्यापासून तो पुरा होईपर्यंत खेळाडू बदलता येत नाही. त्याला अपवाद एकच, बचाव करणाऱ्या संघाचा गोलकीपर जखमी झाला किंवा पंचांनी त्याला बाहेर काढलं तर. म्हणजे अख्ख्या सामन्यातल्या सगळ्यात धोक्याच्या क्षणी बाकावरून उठून आत येण्याची मुभा नियमाने फक्त एका मुलाला दिली आहे. समोर ड्रॅग फ्लिक मारणारा, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत आणून गोलकडे भिरकावणारा, तयार, बचावाला गोलकीपर धरून पाच जण, आणि वॉर्म-अपला एक मिनिट मिळणार नाही. त्यासाठीच तो चारही सामने पॅड बांधून बसला होता.

‘नुसता बसून होता’ असं तुम्ही तीनदा लिहिलं आहे. ते वाक्य मी तुमच्याकडून काढून घेणार आहे. पॅड, बुटांवरचे किकर, चेस्ट गार्ड, आतली पॅडिंगची पँट, गळ्याचा गार्ड, हे सगळं अंगावर चढवून तुम्ही एकदा घरी तासभर बसून बघा. हेल्मेट मांडीवर ठेवलं तरी चालेल. घाम मानेवरून पाठीवर उतरतो आणि पुसता येत नाही, कारण हात चेस्ट गार्डच्या आत जात नाही. आणि या अवस्थेत डोळे मैदानावर ठेवायचे असतात. समोरचा पेनल्टी कॉर्नरला डावीकडे मारतो की उजवीकडे, चेंडू खाली ठेवतो की उचलतो, ते बघायचं आणि मध्यंतरात पहिल्या गोलकीपरला सांगायचं. सामन्याआधीच्या सरावात पहिल्या गोलकीपरला फटके मारून गरम कोण करतं? बहुतेक वेळा दुसरा गोलकीपरच. शिबिरात पेनल्टी कॉर्नरचा सराव असतो तेव्हा पहिल्याला जपायचं म्हणून शंभर-शंभर फटके कोण अंगावर घेतो? तोच. १५६ ते १६३ ग्रॅमचा टणक चेंडू असतो तो. मुलाच्या मांडीवर, दंडावर निळे डाग होते का, हे त्याच्या आईला विचारा. तिने पाहिले असतील.

तेव्हा त्याने काहीच केलं नाही हे गृहीतच चुकीचं आहे. त्याने केलेलं काम गुणफलकावर येत नाही, एवढंच.

आता मोठ्यांची उदाहरणं देते. तुमचा मुलगा भारताकडून खेळेल असं आश्वासन त्यातून काढू नका. या जागेचं घड्याळ किती सावकाश चालतं, ते कळावं म्हणून सांगते. गोलकीपर पी. आर. श्रीजेश २००६ साली भारताकडून पहिला सामना खेळला. संघातली त्याची जागा पक्की व्हायला पुढची पाच-सहा वर्षं गेली. आपल्या मुंबईचा एड्रियन डिसूझा आणि भरत छेत्री त्याच्या पुढे होते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला छेत्री कर्णधार होता आणि गोलकीपरही. ज्या श्रीजेशने टोकियोत जर्मनीविरुद्ध अगदी शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर अडवून ४१ वर्षांनी पदक आणलं, त्याने वयाच्या विशीतली कितीतरी वर्षं बाकावर काढली आहेत.

त्याच्या मागे कृष्ण पाठक. पॅरिस ऑलिम्पिकला १६ जणांच्या संघात एकच गोलकीपर घेतला होता, श्रीजेश. पाठक राखीव म्हणून गेला. ८ ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदक मिळालं आणि श्रीजेश निवृत्त झाला. पुढच्याच महिन्यात चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडक होता आणि गोलची जबाबदारी आली पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा यांच्यावर. भारत जिंकला. त्याच्याही आधी, २०१७ साली श्रीजेश जखमी होता तेव्हा ढाक्यातल्या आशिया चषकात भारताचे दोन्ही गोलकीपर महाराष्ट्राचे होते: यवतमाळचा आकाश चिकटे आणि करकेरा. तोही चषक भारतानेच जिंकला. दुसऱ्या गोलकीपरला कधी बोलावणं येईल हे कुणी सांगत नाही, आणि आलं की तयारीला वेळ मिळत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, तिथे येते. ‘तो फ्लेक्स काढायला सांगा.’

तुम्ही त्याचा अर्थ असा लावलात की मुलाचं हॉकीवरून मन उडालं. मला तसं दिसत नाही. त्याने स्टिक विकायला सांगितली नाही, किट कुणाला देऊन टाकायला सांगितलं नाही, ‘मी खेळणार नाही’ असं तर तो कुठेच म्हणालेला नाही. तो म्हणतोय, चौकातला माझा फोटो काढा. त्या फोटोखालून त्याला रोज शाळेत जावं लागतं. फोटोतला मुलगा महाराष्ट्राचा गोलकीपर आहे, आणि खालून जाणाऱ्या मुलाला वाटतंय की आपण लोकांना फसवतोय. केस कापताना त्याने ‘दोन’ सांगितले ते खोटेपणामुळे नव्हे. ‘एकही सामना खेळलो नाही’ हे वाक्य गावात उच्चारायचं धाडस १५ व्या वर्षी होत नाही. ते वाक्य त्याच्या वतीने आधी तुम्ही उच्चारा.

फ्लेक्स आज संध्याकाळी उतरवा. ज्यांनी लावला त्यांना राग येईल, म्हणून त्यांना आधी भेटा. सांगा, कार्यक्रम झाला, आता काढू या. तो गुंडाळून घरी आणा, फाडू नका. आणि पुढच्या वेळी पतसंस्थेत, चहाच्या टपरीवर कुणी विचारलं की शांतपणे सांगा: ‘दुसरा गोलकीपर म्हणून गेला होता, मैदानात उतरायची वेळ आली नाही.’ आवाज खाली न आणता. हे तुम्ही चार वेळा सांगितलंत की पाचव्या वेळेपासून गाव विचारायचं थांबतं. मुलाच्या कानावर ते येईलच, आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. आपल्या न खेळण्याची आपल्या बापाला लाज वाटत नाही हे त्याला असं तिसऱ्याच्या तोंडून कळलेलं जास्त चांगलं. समोर बसवून सांगितलंत तर त्याला समजूत घातल्यासारखं वाटेल.

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारते, रागावू नका. लाज कुणाला वाटते आहे? पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘लोकांना काय सांगू?’ हे मुलाचं वाक्य नाही, तुमचं आहे. कर्ज काढलंत, पाहुण्यांना फोन केलेत, तुमची अपेक्षा असणं साहजिक आहे. पण तुमचं दुःख आणि त्याचं दुःख एकाच बॅगेत भरलं गेलंय, आणि बॅग त्याच्या खांद्यावर आहे. त्या ३५ हजारांचा हप्ता किती हे त्याला नक्की माहीत असणार. श्रीजेशच्या किटसाठी त्याच्या वडिलांनी गाय विकली होती, हे आज आपण कौतुकाने सांगतो. पण त्या वयात मुलाच्या पाठीवर ती गाय बसलेली असते. एकदा स्पष्ट सांगा की किटचे पैसे हा तुमचा निर्णय होता आणि त्याची परतफेड त्याने मैदानात करायची नाही. एवढं सांगा आणि विषय बदला.

तक्रारीबद्दल. प्रत्येक खेळाडूला खेळवलंच पाहिजे असा नियम या स्पर्धांना नाही, त्यामुळे लेखी तक्रारीला धरायला जागा नाही. निवडीत पैसे मागितले, वयाचे दाखले खोटे होते, शिबिरात मारहाण झाली, असं काही असतं तर मी स्वतः तुम्हाला अर्ज लिहून दिला असता. इथे तसं काही नाही. अर्जाने इतकंच होईल की पुढच्या निवड चाचणीला तुमच्या मुलाचं नाव वाचताना कुणीतरी म्हणेल, ‘तो अर्जवाला का?’ हे अन्यायाचं आहे, पण असं होतं.

प्रशिक्षकांशी बोलणं मात्र व्हायलाच हवं, आणि ते मुलाने बोलावं. तुम्ही फक्त फोन लावून द्या आणि खोलीबाहेर जा. त्याने विचारायचे प्रश्न साधे आहेत. सर, पहिल्या गोलकीपरमध्ये आणि माझ्यात तुम्हाला काय फरक दिसला? पुढच्या चाचणीपर्यंत मी कशावर काम करू? धीर झाला तर तिसराही: त्या ९-० च्या सामन्यात मला उतरवण्याचा विचार झाला होता का? या तिसऱ्याचं उत्तर काय येईल सांगता येत नाही. पण तो प्रश्न त्याच्या पोटात तीन आठवडे आहे, तो बाहेर पडू दे. चांगला प्रशिक्षक असेल तर ऐकून घेईल.

आणि हे वाचणाऱ्या क्रीडाशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. दोन गोलकीपर घेऊन निघत असाल, तर गाडीत बसण्याआधी दुसऱ्याला बाजूला घेऊन सांगा: तुला कदाचित खेळायला मिळणार नाही, तुझं काम हे-हे आहे, आणि सामना हातात असेल तेव्हा मी तुला उतरवेन. आणि मग खरंच उतरवा. एवढं आधी बोलून ठेवलं, तर पोराला प्रत्येक सत्राच्या शेवटी तुमच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

आता फॉरवर्डचा मुद्दा. ‘काम लोकांना दिसेल’ हे कारण मला अजिबात पटलेलं नाही. १५ व्या वर्षापर्यंत त्याने गोलसमोर उभं राहण्याची नजर कमावली आहे. ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच चौकटीत आपण नेमके कुठे उभे आहोत हे मागे न बघता कळणं, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात येतं. फॉरवर्डची पायांची चपळाई आणि स्टिकवर्क यांचंही तसंच आहे, आणि ती मुलं वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून तेच करत आली आहेत. त्याला स्वतःला हौस असेल तर शाळेच्या मैदानावर चार दिवस खेळू दे, मजा म्हणून. पण जागा बदलायची असेल तर ती त्याची इच्छा हवी. आणि तो ‘गोलकीपरच’ म्हणाला, तर तो विषय पुन्हा काढू नका.

त्याला आत्ता सगळ्यात जास्त गरज कशाची असेल, तर सामने खेळण्याची. बाकावरचे चार सामने पुसायला प्रत्यक्ष खेळलेले दहा सामने लागतात, मग ते गावातले का असेनात. इथे तुमच्यासारख्या अनेक पालकांना एक फरक माहीत नसतो. राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्याचा संघ जातो, वेगवेगळ्या शाळांची मुलं निवडून. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धेत मात्र शाळेचाच संघ खेळतो, मुलांसाठी १५ आणि १७ वर्षांखालील गटांत. तिथे तुमचा मुलगा पहिला गोलकीपर आहे, त्याच्या जागेवर दुसरं कुणी नाही. जिल्ह्यापुढे जाता आलं नाही तरी चालेल, पण पूर्ण सामने, पूर्ण जबाबदारी आणि स्वतः खाल्लेले गोल हे सगळं तिथे मिळेल. त्याच्या क्रीडाशिक्षकांना भेटून येत्या तीन महिन्यांत आसपासच्या शाळा, क्लब यांच्याशी किती सामने जमवता येतील ते विचारा. शेजारच्या तालुक्यात टर्फ नसेल, मुरमाचं मैदान असेल, तरी जा. मुरमावर चेंडू उडतो, म्हणून तिथे खेळताना हेल्मेट आणि गळ्याचा गार्ड यांत हयगय नको.

दहावीचं भूत पत्राच्या शेवटी आलं आहे, त्यामुळे थोडक्यात. हॉकी बंद केली म्हणजे ते दोन तास पुस्तकात जातील, असं होत नाही. रुसलेला मुलगा पुस्तक उघडून भिंतीकडे बघत बसतो. सराव कमी करा, परीक्षेआधीचे दोन महिने थांबवा, पण ते त्याच्याबरोबर कॅलेंडर पुढे ठेवून ठरवा. दुसरं म्हणजे, राष्ट्रीय स्पर्धेत सहभागाचं प्रमाणपत्र त्याला मिळालं असेल. खेळाडू मैदानात किती मिनिटं होता हे त्यावर लिहिलेलं नसतं. दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, त्यासाठी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि तिथून मंडळाकडे प्रस्ताव जातो. कोणती कागदपत्रं लागतात, मुदत कधीची आणि दहावीच्या वर्षी खेळलेलं असणं लागतं का, हे शाळेत आत्ताच विचारून ठेवा. ऐन वेळी धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहिलेत. मूळ प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, दोन प्रती काढा. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा विचार मात्र इतक्यात करू नका. त्याचे निकष वेगळे आणि बरेच कडक आहेत.

गच्चीवरचे पॅड आता खाली आणा. उन्हात फार दिवस राहिले तर आतला फोम कडक होऊन तडकतो. ओल्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्याला उभे करून ठेवायचे. हे तुम्ही त्याला विचारून करा, ‘हे कसं पुसायचं रे?’ म्हणून. ‘मैदानावर कधी जाणार’ असं मात्र विचारू नका. उत्तर आलं नाही तरी पॅड पुसत राहा. बहुतेक मुलांना आपलं सामान चुकीच्या पद्धतीने पुसलेलं फार वेळ बघवत नाही.

आणि आता तो फोन.

तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिली आहे. कदाचित तुम्हाला वाटत असेल की तो मुलगा फुशारकी मारायला फोन करतो. विचार करा, तो शेवटचा सामना १-४ असा हरून परतला आहे. ते चार गोल त्याच्यावर झाले. त्याच्याही गावात फ्लेक्स असेल, त्यालाही कुणीतरी विचारत असेल, ‘चार कसे खाल्लेस रे?’ तुमच्या मुलाला सांगायला काही नाही म्हणून तो गप्प आहे, आणि त्या मुलाला जे सांगायचं आहे ते ऐकून कळेल असं माणूस त्याच्या घरात बहुधा नाही. ते चारही गोल बाकावरून, गोलकीपरच्या नजरेने पाहिलेला मुलगा संपूर्ण महाराष्ट्रात एकच आहे. कुठल्या गोलला बचावाच्या मुलाने पाय आडवा घातला, कुठला चेंडू स्टिकला लागून वळला, कुठला खरंच अडवता आला असता, हे त्याला ठाऊक आहे. शिबिरात ते दोघे रोज एकमेकांना फटके मारत होते. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. पण रोज संध्याकाळी, उचलला जात नसतानाही, तीन आठवडे फोन करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं आहे.

तुमच्या मुलाला फक्त एवढं सांगा: ‘त्याच्यावर चार गोल झाले, तो कुणाशी बोलत असेल?’ उत्तराची वाट बघू नका. उठून बाहेर जा, आणि संध्याकाळी फोनच्या वेळेला घरातला टीव्ही बंद ठेवा.